भुईकोहळा नेमका कोणता?

गेल्या पंधरवड्यात एक आजी दवाखान्यात आल्या. सून बाळंत होऊन वीस दिवस झालेले. पिशवीतून पुडी काढून म्हणाल्या, "डॉक्टर, बाजारातून भुईकोहळा आणलाय. दूध वाढतं म्हणतात. देऊ का सुनेला?" पुडीत वाळलेल्या पांढरट चकत्या होत्या. मी विचारले, "आजी, याचा वेल पाहिलात का?" त्या म्हणाल्या, "वेल कशाला बघायचा? नाव तेच की!"

अडचण नेमकी इथेच आहे. भुईकोहळा म्हणजे जमिनीतला कोहळा. पण भाजीच्या कोहळ्याशी त्याचे काही नाते नाही, आणि हे एकच नाव दोन वेगळ्या वेलींना चालते.

पहिली घोडवेल, म्हणजे विदारीकंद. ही वाल-घेवड्याच्या शेंगाकुळातली. पळसासारखी तीन-तीन पाने, निळसर-जांभळी फुले, लवदार शेंगा. जमीन विदारून, म्हणजे फोडून, कंद पोसतो म्हणून विदारी. निघंटूंत हिला 'गजवाजिप्रिया' असेही म्हटले आहे, हत्तीघोड्यांना आवडणारी. आपल्या 'घोडवेल'मधला घोडा बहुधा तोच! कंद गोडसर असतो व डोंगराळ भागात लोक तो खातात.

दुसरी क्षीरविदारी. हिचे पान हाताच्या पंजासारखे, फूल कर्ण्यासारखे, आणि कंद कापला की दुधासारखा चीक येतो. ही रताळ्याच्या कुळातली. रताळे आपण उपासाला खातो. पण जुलाबाचे निशोत्तरही त्याच कुळातले, हे विसरू नये.

वेल समोर असेल तर फरक शाळकरी मुलगाही सांगेल. चकत्या किंवा चूर्ण झाल्यावर मात्र अवघड. आजींच्या पुडीत काय होते, ते मलाही सांगता आले नाही.

शिवाय खऱ्या घोडवेलीच्या कंदातही स्त्री-संप्रेरकासारखी थोडीफार क्रिया करणारी द्रव्ये असतात. म्हणून गरोदर बायकांनी, स्तनाच्या कर्करोगाचे उपचार घेणाऱ्यांनी आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तो मनाने घेऊ नये. घ्यायचाच तर ओळखीच्या वैद्याकडून, खात्री करून.

आजींना पुडी बाजूला ठेवायला सांगितली. दूध वाढते ते बाळाच्या चोखण्याने. बाळाला दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजावे, आईने पोटभर जेवावे. सुनेला विचारले, बाळ लघवी किती वेळा करते? म्हणाली, सात-आठ वेळा. वजनही वाढत होते. म्हणजे दूध मुळात कमी नव्हतेच!