पदार्थाची अवस्था

रसायनाच्या धोक्याचा अंदाज घेताना प्रथम त्याची अवस्था, रंग आणि गंध यांची नोंद केली जाते. ही नोंद क्षुल्लक वाटते. परंतु तापमान व दाब सांगितल्यावाचून ‘द्रव’ हा शब्द अपुराच राहतो.

मिथाइल आयसोसायनेट २० अंश सेल्सिअसला पाण्यासारखा रंगहीन, मात्र उग्र वासाचा द्रव असतो. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे ३९ अंश. भोपाळच्या उन्हाळ्यात दुपारी सावलीतही पारा याहून वर चढतो! म्हणूनच हा द्रव थंड ठेवावा लागतो. भोपाळमधील कीटकनाशकांच्या कारखान्यात १९८४ साली शीतकरण यंत्रणा बंद ठेवण्यात आली होती. २ डिसेंबरच्या रात्री टाकीत पाणी शिरले, अभिक्रियेने उष्णता वाढत गेली आणि द्रवाची वाफ झाली. ही वाफ हवेच्या जवळजवळ दुप्पट जड. ती वर न जाता जमिनीलगत, झोपलेल्या वस्त्यांत पसरली. हजारो माणसे प्राणास मुकली.

जलशुद्धीकरण केंद्रातील क्लोरीनही सिलिंडरमध्ये दाबाखाली द्रवरूप असतो. बाहेर पडताच त्याचा हिरवट पिवळा वायू होतो आणि हवेहून जड असल्याने तो सखल भागात साचतो. गळती झाल्यास खड्ड्यात वा तळघरात आसरा न घेता उंच जागी जावे, ते याच कारणाने.