ध्रुवणकोन : संज्ञा आणि मापन
‘ध्रुवीकरण’ हा शब्द वर्तमानपत्रांत दोन तट पडण्यासाठी रुळला आहे. रेडिओ खगोलशास्त्रात अभिप्रेत असते ती लहरीतील विद्युत क्षेत्राच्या कंपनाची दिशा. तिच्यासाठी ‘ध्रुवण’ हीच संज्ञा नेमकी. ध्रुवणकोन आकाशातील उत्तरेपासून पूर्वेकडे मोजतात.

नारायणगावजवळील खोडदच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या एका उभ्या व एका आडव्या अक्षाभोवती फिरतात. त्यामुळे स्रोताचा माग घेताना नाभीतील ग्राहकाच्या सापेक्ष आकाश हळूहळू वळते. ही वळण हिशेबातून वजा करावी लागते. शिवाय ग्राहकच ५° तिरका बसला असेल, तर प्रत्येक ध्रुवणकोन ५° चुकतो आणि त्यावरून काढलेली चुंबकीय क्षेत्राची दिशाही चुकते. म्हणून विद्यार्थ्यांनी कोनाबरोबर संदर्भरेषाही लिहावी.