हृदयविकार हा श्रीमंतांचा रोग आहे काय?

खेडोपाडी आमच्या कानी वारंवार असे पडते की, हृदयाचा विकार हा गादीवर बसून तूपसाखर खाणाऱ्या शेटजींचा रोग. घाम गाळून भाकरी खाणाऱ्यास तो कोठून होणार? हा समज खोटा आहे, आणि तो प्राणघातक असल्यामुळे आपण ह्या पाठात त्याचा विचार करू.

प्रथम मुंबईतील गोवंडीकडे पाहा. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरालगत शिवाजीनगर, बैंगनवाडी इत्यादी वस्त्यांत मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून, बिहारातून पोटासाठी आलेले नाना धर्मांचे व नाना भाषांचे लोक दाटीने राहतात. आपल्या गावांतूनही कित्येक तेथे गेले आहेत. ह्याच गोवंडीत आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिच्या देखरेखीखाली २०१९ ते २०२१ ह्या काळात देशभर घरोघर पाहणी झाली व लोकांचा रक्तदाब मोजला गेला. तेव्हा १५ वर्षांवरील शंभर पुरुषांत २४ व शंभर स्त्रियांत २१ जणांस रक्तदाबाचा विकार आढळला. इतके शेटजी ह्या देशात आहेत काय?

आता कोणी विचारील, निरनिराळ्या लोकांत ह्या रोगाची कारणेही निरनिराळी असतील ना? डॉ. सलीम युसूफ व त्यांचे सहकारी ह्यांनी ५२ देशांत शोध करून २००४ साली ह्याचे उत्तर दिले. पहिला झटका आलेले सुमारे १५,००० रोगी त्यांनी जवळजवळ तितक्याच निरोगी माणसांशी ताडून पाहिले. तंबाखू ओढणे, रक्तातील दूषित चरबी, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, सुटलेले पोट, मनाचा ताण, फळेभाज्यांची उणीव, शरीरश्रमाचा अभाव आणि मद्य, ह्या नऊ गोष्टींशी झटक्याचा सुमारे नऊ दशांश धोका निगडित आहे, आणि तो सर्व देशांत, असे दिसून आले. अर्थात् वंश व भाषा भिन्न, परंतु कारणे तीच.

तथापि दोन भेद ध्यानात ठेवावेत.

(१) आपल्याकडे हा रोग लवकर गाठतो. भारत व शेजारच्या देशांतील लोकांस पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, तर इतरांस सुमारे ५९ व्या वर्षी आला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतील मातांचा व बालकांचा अभ्यास केला. तेथील बालके जन्मतः सरासरी २.७ किलो भरली, इंग्लंडातील ३.५ किलो, परंतु आपल्या बालकांत मांस कमी असूनही चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. ह्यास्तव अंगाने सडपातळ तो सुरक्षित, असे समजू नये. पुरुषाची कंबर ९० व स्त्रीची ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी.

(२) गरीब अधिक मरतात. १७ देशांतील दुसऱ्या शोधाचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. श्रीमंत देशांत धोक्याची कारणे अधिक, तरी मृत्यू कमी. गरीब देशांत कारणे कमी, तरी मृत्यू अधिक. तेथे रोग वेळीच ओळखला जातो व गोळी नियमाने मिळते. येथे डोके दुखायचे थांबले की मजूर गोळी सोडतो, आणि मजुरी बुडेल म्हणून पुन्हा दवाखान्यात जात नाही.

मग करावे काय? तिशी उलटताच सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजून घ्यावा. १४०/९० वा अधिक वारंवार आढळल्यास उपचार घ्यावेत, व बरे वाटले तरी डॉक्टरास विचारल्यावाचून गोळी बंद करू नये. विडी, तंबाखू व मिश्री सोडावी. लोणचे, पापड, सुकी मासळी धरून दिवसाचे मीठ ५ ग्रॅमच्या, म्हणजे एका लहान चमच्याच्या, आत ठेवावे. छातीत कळ येऊन घाम सुटला तर वायू म्हणून चोळत न बसता रोग्यास तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे.

पाठ शिकविणाऱ्यांसाठी प्रश्न: (१) धोक्याची नऊ कारणे कोणती? (२) सडपातळ मनुष्यासही भय का आहे? (३) आपल्या आळीत रक्तदाब कधीच न मोजलेले किती जण आहेत? ह्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरोघर जाऊनच मिळेल.