मिथेनॉलचा अर्क फ्रीज ड्रायरमध्ये लावावा का?

प्रश्न : वनस्पतीचा अर्क मिथेनॉल आणि पाण्यात काढला आहे. आमच्या फ्रीज ड्रायरचा कंडेन्सर उणे ५० अंशांपर्यंत थंड होतो. नमुना थेट लावू का?
– एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर : लावू नका. मिथेनॉल उणे ९८ अंशांच्या आसपास गोठते. तुमचा कंडेन्सर त्याची वाफ पुरेशी अडवू शकत नाही. ती पंपाच्या तेलात मिसळते आणि निकास नळीतून खोलीत येते. ही वाफ विषारी आहे, ज्वलनशीलही. शिवाय नीट न गोठलेला नमुना निर्वातात फेसाळून उडतो.

आधी रोटरी इव्हॅपोरेटरवर मिथेनॉल काढा. उरलेला पाणीदार अर्क फ्लास्क फिरवत, भिंतीवर पातळ थर बसेल असा पूर्ण गोठवा. फ्लास्क निर्वातासाठी बनवलेला, गोल बुडाचा हवा. बारीकशी चीर दिसली तरी बाजूला काढा, कारण तो आतल्या बाजूला फुटतो. सुरक्षा चष्मा लावाच.

क्रम पाळा : कंडेन्सर थंड झाल्यावर पंप सुरू, निर्वात स्थिरावल्यावर एकेक फ्लास्क. पंप थांबवताच हवेची झडप हळूहळू उघडा, नाहीतर तेल यंत्रात ओढले जाते. पंपाचा निकास फ्यूम हूडमध्येच सोडा.