वेळेचें अंदाजपत्रक



सनदी अधिकारी व्हावें, जिल्ह्याचा कारभार पाहावा, लोकांच्या उपयोगीं पडावें, ही आकांक्षा आज पुष्कळ मुलामुलींच्या मनांत असते. आणि त्यांच्या आईबापांच्या मनांत ती कधीं कधीं त्याहूनहि अधिक असते. आकांक्षा स्तुत्य आहे. परंतु तिच्यापायीं तरुणपणाचीं कांहीं वर्षें खर्ची पडतात, व तीं पुन्हां मिळत नाहींत. म्हणून हा खर्च कसा करावा याविषयीं चार शब्द आपणांपुढें मांडावे असें आम्हांस वाटतें.

प्रथम परीक्षेचें स्वरूप पाहूं. हिंदुस्थानच्या मुलकी सेवेसाठीं चढाओढीची परीक्षा १८५५ सालीं लंडन येथें सुरू झाली. १९२२ सालापासून ती अलाहाबादेसहि होऊं लागली. आज तशीच परीक्षा संघ लोकसेवा आयोग घेतो. तिच्या तीन पायऱ्या आहेत. पूर्वपरीक्षेंत दोन प्रश्नपत्रिका असतात. त्यांपैकीं सामान्य अध्ययनाच्या पत्रिकेंत दोन तासांत १०० प्रश्न सोडवावे लागतात, व चुकलेल्या उत्तरामागें प्रश्नाच्या गुणांपैकीं एकतृतीयांश गुण वजा होतात. मुख्य परीक्षेंत नऊ पत्रिका. त्यांतील भाषांच्या दोन केवळ उत्तीर्ण होण्यापुरत्या, बाकी सातांचे मिळून १७५० गुण. शेवटीं मुलाखतीचे २७५. मुख्य परीक्षेचीं उत्तरें मराठींतूनहि लिहितां येतात.

या मुख्य परीक्षेंत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पत्रिकांत प्रत्येकीं २० प्रश्न असतात व वेळ तीन तास. म्हणजे एका प्रश्नास नऊ मिनिटें. तेवढ्यांत प्रश्न समजून घेणें, मुद्दे जुळविणें व दीडशें ते अडीचशें शब्द लिहिणें हें केवळ वाचनानें साधत नाहीं. पुष्कळांचें वेळापत्रक चुकतें तें येथेंच. आपण किती तास बसलों हें ते मोजतात. बसून पदरांत काय पडलें हें मोजीत नाहींत. पहांटे चारपासून रात्रीं अकरापर्यंतचे रकाने रंगीत शाईनें भरलेलें वेळापत्रक भिंतीवर शोभतें खरें. पण आठ दिवसांत तें मोडतें, आणि त्याबरोबर मनहि खचतें.

सुज्ञ गृहिणी महिन्याचा खर्च ठरवितांना वाणसामान, दूध, शाळेची फी यांचे पैसे आधीं बाजूला काढते, व आजारपणासाठीं थोडे निराळे ठेविते. वेळेचेंहि तसेंच करावें. समजा, पदवी हातीं आल्यावर एखाद्यानें रोज आठ तास अभ्यासास दिले. त्यांतील चार तास नव्या भागाच्या वाचनास द्यावे. दोन तास पूर्वीं वाचलेलें पुस्तक मिटून आठवण्यास द्यावे. उरलेले दोन तास घड्याळ समोर ठेवून उत्तरें लिहिण्यास किंवा जुन्या प्रश्नपत्रिका सोडविण्यास द्यावे. असे सहा दिवस. सातव्या दिवशीं सकाळीं आठवड्याची राहिलेली बाकी भागवावी, व दुपारनंतर विश्रांति घ्यावी. घरांत लग्नकार्य निघतें, ताप येतो, पाहुणे येतात. ज्या योजनेंत अशा दिवसांस जागा नाहीं ती योजना टिकत नाहीं. झोपेंतून मात्र एक तासहि उसना घेऊं नये.

आठवण्यास इतका वेळ कशाला, असें कोणी विचारील. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाऊस यानें स्वतःवर प्रयोग करून १८८५ सालीं दाखवून दिलें कीं, पाठ केलेल्या मजकुराचा मोठा भाग पहिल्या दिवसांतच विसरला जातो, व पुढें विसरण्याचा वेग मंदावतो. अमेरिकेंत २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, एकच उतारा पुनःपुन्हां वाचणाऱ्यांपेक्षां न पाहतां आठवून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांस तो आठवड्यानंतर अधिक आठवला. तेव्हां उजळणी ही वेळ उरला तर करावयाची गोष्ट नसून, ती आधींच बाजूला काढावयाची रक्कम आहे.

शाळेंतील मुलांनीं आतांपासून काय करावें? त्यांनीं या परीक्षेचीं पुस्तकें जमवूं नयेत. चिंतामणराव देशमुख १९१२ सालीं मॅट्रिकच्या परीक्षेंत पहिले आले, व १९१८ सालीं लंडन येथें आय. सी. एस.च्या परीक्षेंतहि पहिले आले. मधल्या काळांत केंब्रिज येथें ते वनस्पतिशास्त्र, रसायन व भूगर्भशास्त्र शिकले. ज्या वर्गांत आपण आहों तेथील विषय नीट समजून घेणें हीच पुढील तयारी होय. रोज अर्धा तास वर्तमानपत्र वाचावें, त्यांत आलेलें गांव नकाशांत शोधावें, व आठवड्यांतून एकदां एखाद्या विषयावर स्वतःच्या शब्दांत पानभर लिहावें. इतकें पुरे आहे.

पालकांस एक विनंति आहे. खुल्या वर्गांतील उमेदवारास वयाच्या २१ ते ३२ वर्षांच्या मर्यादेंत ही परीक्षा सहा वेळां देतां येते. देतां येते म्हणून सहाहि वेळां दिलीच पाहिजे असें नाहीं. जागा थोड्या व उमेदवार लाखांनीं असतात. त्यामुळें उत्तम अभ्यास केलेलेहि अनेकजण मागें राहतात, व त्यांत त्यांचा दोष नसतो. यासाठीं आरंभींच मुलाला किंवा मुलीला जवळ बसवून किती वर्षें व किती पैसा यासाठीं ठेवावयाचा हें मोकळेपणानें ठरवावें, आणि ज्या पदवीवर दुसरी उपजीविका करतां येईल अशीच पदवी निवडूं द्यावी. ठरलेली मुदत संपल्यावर तें मूल घरीं परतलें, तर शेजारीपाजारी काय म्हणतील याची चिंता आपण वाहावी. त्याच्यावर तो भार घालूं नये. त्यानें मिळविलेलें ज्ञान व लागलेली शिस्त शिक्षकाच्या, वकिलाच्या, व्यापाऱ्याच्या किंवा शेतकऱ्याच्याहि कामीं येतेच.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे या मार्गानें जातील त्यांस यश लाभो, व जे दुसरीकडे वळतील त्यांचींहि वर्षें सत्कारणीं लागोत, अशी आमची मनःपूर्वक इच्छा आहे.