नव्या प्लेअरला मूळ फोल्डर दाखवू नका

लग्नघरी हळद दळायला जातं मांडतात आणि त्यावर बायका ओव्या म्हणतात. १९९४ साली मानोरा तालुक्यातल्या मामाच्या गावी अशाच एका रात्री मोठ्या भावानं टेपरेकॉर्डर जात्याशेजारी ठेवला होता. साठ मिनिटांच्या दोन कॅसेट भरल्या. जात्याची घरघर, मधेच कुणाचं तरी रडणारं लेकरू आणि पाळीपाळीनं म्हणणाऱ्या बायका. पुढं कारंज्याला आमच्या घरी मी त्या कॅसेट ऑडॅसिटी या प्रोग्राममध्ये उतरवून घेतल्या, एकेका बाईच्या पाळीची एक अशा त्रेचाळीस फायली पाडल्या आणि आईला शेजारी बसवून प्रत्येक आवाज कोणाचा ते विचारलं. ती नावं, त्यांचं माहेर, सासर असं सगळं तेव्हाच्या प्लेअरमध्ये लेबल म्हणून लिहून ठेवलं.

गेल्या पावसाळ्यात ती सगळी लेबलं गेली. कशी गेली ते सांगतो, कारण लिनक्सवर सध्या जुने प्लेअर ‘पोर्ट’ होऊन नव्यानं येत आहेत आणि ते लावून पाहण्याचा मोह मोठा आहे.

प्रोग्राम ‘पोर्ट’ होतो म्हणजे काय, हे वाशिमकरांना रेल्वेवरून लगेच कळेल. वाशिमवरून जाणारा पूर्णा–अकोला मार्ग आधी मीटरगेज होता, नंतर ब्रॉडगेज झाला. स्टेशनांची नावं तीच राहिली, जुने डबे मात्र नव्या रुळांवर चालणारे नव्हते. सॉफ्टवेअरमध्येही खालचे रूळ बदलतात. लिनक्सवरचे बरेच प्लेअर ‘क्यूटी’ नावाच्या पायावर उभे असतात. या पायाची चौथी आवृत्ती उबुंटू या लिनक्सच्या प्रकारानं २०.०४ पासून काढून टाकली आणि तिच्यावर चालणारे प्रोग्राम तिथून हद्दपार झाले.

अमारोकचंच पाहा. माइक ओल्डफिल्डच्या १९९० सालच्या अल्बमवरून नाव घेतलेला हा प्लेअर एकेकाळी लिनक्सवाल्यांचा फार लाडका होता. डिसेंबर २००८ मध्ये त्याची २.० आवृत्ती नव्या पायावर आली, पण १.४ मधल्या कित्येक सोयी तिच्यात नव्हत्या. नाराज मंडळींपैकी काहींनी जुन्या १.४ वरून २०१० मध्ये क्लेमेंटाइन काढला आणि त्यातून पुढं २०१८ मध्ये स्ट्रॉबेरी निघाला. अमारोकची २.९ आवृत्ती २०१८ ची. त्यानंतर थेट २९ एप्रिल २०२४ ला ३.० आली, तीही क्यूटीच्या पाचव्या आवृत्तीवर. २०२५ मधल्या ३.३ नं सहावी आवृत्ती गाठली आणि आवाज वाजवणारं आतलं यंत्रही बदललं. मोबदल्याची अपेक्षा न ठेवता हे काम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण पोर्ट झालेला प्रोग्राम ओळखीचा दिसला तरी आतून नवाच असतो, हे मी विसरलो.

मी लावला तो प्लेअर दुसरा. त्याचं नाव घेत नाही, कारण चूक माझी होती. लॅपटॉपवर लिनक्सची नवी आवृत्ती टाकताना मी फक्त गाण्यांचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं आणि बाकी डिस्क पुसली. लेबलं फायलींमध्ये नव्हतीच, ती प्लेअरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये होती. तो डेटाबेस होम फोल्डरमधल्या एका लपलेल्या फोल्डरात होता आणि तो डिस्कबरोबर पुसला गेला.

एवढ्यावर निभावलं असतं. पण पेन ड्राइव्हवरचं फोल्डर मी डिस्कवर हलवलं आणि पेन ड्राइव्ह दुसऱ्या कामाला घेतला. म्हणजे फायलींची एकच प्रत उरली होती, तीच मी नव्या प्लेअरला दाखवली आणि ‘फायली नीट लावा’ हा पर्याय दाबला. हा पर्याय बहुतेक प्लेअरमध्ये असतो. फाइलच्या आत लिहिलेली माहिती, म्हणजे टॅग, वाचून तो फायलींना नवी नावं देतो आणि नव्या फोल्डरांत हलवतो. माझ्या फायलींची नावं व्यवस्थित देवनागरीत होती, टॅग मात्र बिघडलेले होते. प्लेअरनं टॅगवर विश्वास ठेवला.

पडद्यावर जे दिसलं ते अजून डोळ्यांपुढं आहे. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’, मधेच जपानी येनचं चिन्ह, पुन्हा तोच ‘ए’, पुन्हा कुठंतरी येन. यूनिकोडमधलं देवनागरी अक्षर यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइटचं असतं. ते तीन बाइट कुणी तीन वेगळी युरोपीय अक्षरं म्हणून वाचले, की अशी रांग दिसते. हे निदान दुरुस्त करता येतं, कारण मूळ बाइट शाबूत असतात.

तुटलेलं नाव मात्र परत येत नाही. एमपी३ फाइलच्या शेवटी १२८ बाइटचा जुन्या पद्धतीचा टॅग असतो आणि त्यात नावाला जागा फक्त ३० बाइट. इंग्रजीत तीस अक्षरं बसतात, मराठीत जेमतेम दहा. ‘वाशिमच्या आत्याची ओवी’ हे नाव घ्या. काना, वेलांटी, हलन्त वेगळे मोजून ‘वाशिमच्या’चेच सत्तावीस बाइट झाले, मोकळ्या जागेचा एक, आणि उरलेल्या दोन बाइटांत ‘आ’ मावत नाही. वाशिम राहिलं, आत्या गेली. माझे बरेच टॅग असेच अर्धवट होते आणि आता फायलींची नावंही तशीच झाली.

आईनं त्या संध्याकाळी विचारलं, “माहा आवाज कुठी गेला रे?” आवाज होता, पण त्रेचाळीसपैकी कोणता तिचा, हे फाइलवरून सांगता येत नव्हतं.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्या संग्रहाचं मोल ओव्यांत तर आहेच, पण गाणारी कोण आणि गाव कोणतं याच्या नोंदींतही आहे. पोहरादेवीच्या यात्रेत टिपलेली बंजारा गाणी असोत की गावच्या भजनी मंडळाची काकड आरती, नाव हरवलं की निम्मी गोष्ट हरवते. म्हणून ज्यांच्याकडे असा ठेवा आहे त्यांना आता कळकळीनं सांगतो.

नवा प्लेअर लावण्याआधी तुमची माहिती कुठं राहते ते तपासा. सोपी परीक्षा आहे: तीच फाइल दुसऱ्या एखाद्या प्लेअरमध्ये उघडा. तिथं जे दिसतं ते फाइलमध्ये आहे, जे दिसत नाही ते जुन्या प्लेअरच्या पोटात आहे. पोटातलं आधी फाइलमध्ये उतरवून घ्या. त्यासाठी मी किडथ्री हा टॅग लिहिण्याचा प्रोग्राम वापरतो, त्यात जुन्या आणि नव्या पद्धतीचे टॅग वेगवेगळे दिसतात. नव्या टॅगमध्ये नावाला तीस बाइटांचं बंधन नाही, पूर्ण नाव तिथंच लिहावं. शिवाय एक साधी वही ठेवावी. कॅसेट कोणती, बाजू कोणती, कितवं गाणं आणि कोणी म्हटलं, हे हातानं लिहिलेलं कोणताच प्रोग्राम बदलत नाही.

मग लॅपटॉपवर नवा वापरकर्ता तयार करा आणि त्याच्या खात्यात नवा प्लेअर चालवा. जुन्या सेटिंगला धक्का लागत नाही. चाचणीला वीसेक फायलींची प्रत पुरते, पण फायली मुद्दाम अवघड निवडा: लांबलचक मराठी नावाची, तासाभराच्या कीर्तनाची, दहा-बारा वर्षांपूर्वीची, टॅगच नसलेली. मूळ फोल्डरला फक्त वाचण्याची परवानगी ठेवा. फ्लॅटपॅक या पॅकेज पद्धतीतून लावलेल्या प्लेअरला तशी मर्यादा बाहेरूनही घालता येते. इंटरनेटवरून आपोआप टॅग आणण्याची सोय बंदच ठेवा. त्या याद्या बाजारात आलेल्या अल्बमांच्या असतात, तुमच्या आत्याची ओवी तिथं नाही.

मराठी अक्षरं बिघडलेली दिसली तर बनवणाऱ्यांना जरूर कळवा आणि सोबत एक छोटी नमुना फाइल जोडा. त्यांच्याकडे देवनागरी नावांच्या फायली क्वचितच असतात, नमुना मिळाला की दुरुस्ती सोपी होते.

कॅसेट अजून होत्या, म्हणून मी त्या पुन्हा उतरवल्या, या वेळी फ्लॅक प्रकारात. वेगवेगळ्या दोन डिस्कवर प्रती ठेवल्या. आईला पुन्हा शेजारी बसवलं. मधल्या वर्षांत तिला ऐकू कमी येऊ लागलंय, तरी हेडफोन लावून ती तीन दुपारी बसली. एकतीस आवाज तिनं ओळखले. बारा फायलींपुढं नावाची जागा अजून रिकामी आहे.