बागेंतील सौरविजेचा जमाखर्च

काटोल, नरखेड, कळमेश्वर या बाजूच्या संत्र्यांच्या बागांत रात्रीं जागल करावी लागते. त्याकरितां खोपीवर सौर पॅनेल व आंत बॅटरी बसवितात. पण अनेकदां बॅटरी लवकर निकामी होते आणि बोल लागतो तो सूर्यास. वस्तुतः चूक बहुधा हिशेबाची असते.

प्रथम प्रत्येकाचें काम समजून घ्यावें. पॅनेल ही आवक होय. चार्ज कंट्रोलर ती आवक बॅटरीस बेतानें देतो. बॅटरी ही कोठी. इन्व्हर्टर हा अडत्या. तो बॅटरीची वीज घरगुती उपकरणांस चालेल अशी २३० व्होल्टची करून देतो, परंतु आपली अडत कापून घेतो. तो स्वतः वीज उत्पन्न करीत नाहीं.

आतां खर्च मांडूं. ९ वॅटचे ३ दिवे ५ तास, म्हणजे १३५ वॅट-तास, ३० वॅटचा पंखा ८ तास, म्हणजे २४०, मोबाईलकरितां २५. एकूण ४००. इन्व्हर्टरची अडत शेंकडा १५ धरल्यास कोठींतून सुमारें ४७० वॅट-तास निघतात.

१२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. पण शिशाची बॅटरी रोज निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. म्हणून ९०० वॅट-तासच आपले समजावे. ही जवळजवळ दोन रात्रींची बेगमी झाली. लिथियम-फॉस्फेट बॅटरी सुमारें शेंकडा ८० पर्यंत वापरतां येते, मात्र तिची किंमत अधिक पडते.

बॅटरी भरतांनाहि तूट येते; म्हणून रोजची आवक ६०० वॅट-तास हवी. निरभ्र दिवसाचें ऊन ४ तासांच्या पूर्ण उन्हाइतकें धरल्यास १५० वॅटचें पॅनेल पुरेसें दिसतें. परंतु पॅनेलवरील आंकडा २५ अंश उष्णतेचा असतो. वैशाखांत तें ६५ अंशांपर्यंत तापलें, तर दर अंशास शेंकडा सुमारें ०.४ प्रमाणें १६ टक्के उत्पन्न घटतें. म्हणून २०० वॅटचें घ्यावें. तें दक्षिणाभिमुख, सुमारें २१ अंश कललेलें व झाडाच्या सावलीपासून दूर असावें. खालून वारा खेळावा, आणि धूळ सकाळीं, पॅनेल तापण्यापूर्वीं, धुवावी.

याच बॅटरीवर विहिरीचा पंप चालवावा काय? ३ अश्वशक्ति म्हणजे २२३८ वॅट. तीन तासांस सुमारें ६७०० वॅट-तास, म्हणजे निम्म्याच्या नियमानें अशा साडेसात बॅटऱ्या लागतील. म्हणून सौरपंपास बॅटरी नसते. दिवसा पाणी उपसून टांक्यांत भरावें, तोच त्याचा सांठा. राज्याच्या २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेंत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा शेंकडा १०, व अनुसूचित जाति-जमातींच्या शेतकऱ्याचा ५ ठेविला आहे.

शिशाच्या बॅटरींत शुद्ध ऊर्ध्वपातित पाणीच घालावें. भरतांना तिच्यांतून ज्वालाग्राही वायु निघतो. म्हणून ती वाऱ्याच्या जागीं, चुलीपासून दूर ठेवावी. बॅटरीजवळ फ्यूज असावा व तार जाड, आंखूड असावी.

सारांश, प्रत्येक बागाईतदारानें आठ दिवस आपल्या दिव्या-पंख्याचे तास वहींत टिपावे. आधीं खर्च लिहावा, मग दुकानाची पायरी चढावी.